मुसीचा पूर आणि गचिबावलीचे गायरान

हैदराबाद म्हटले की आमच्या सीमाभागातल्या माणसाला रझाकार आठवतात आणि पोलीस ॲक्शन आठवते. मीही जवळजवळ तीस वर्षे हैदराबाद संस्थानचा धडा १७ सप्टेंबर १९४८ या तारखेपाशी मिटवीत आलो. २०२५ च्या उन्हाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात ती एम. ए. करीत होती. बोलता बोलता म्हणाली, "सर, तुम्ही आम्हाला १९०८ चा पूर कधी शिकवलाच नाही." तिचे म्हणणे खरे होते. हा लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या धड्याची भरपाई समजावी.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदी हैदराबाद शहरात शिरली. शमशाबादला चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस झाला होता. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, असा अंदाज सांगितला जातो. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेवर चढून दीडशे जणांनी जीव वाचवला. जुने हैदराबादी या पुराला 'तुग्यानी' म्हणत.

निजाम सरकारने सल्ल्यासाठी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. हे पुण्यात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना खडकवासल्याच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे बसवणारे इंजिनियर. १९०९ साली ते आले आणि त्यांनी आधी हिशेब मांडला. नदीच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते, त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळे. शहर नुसते आभाळ फाटल्याने बुडाले नव्हते. बांधही फुटले होते. वरच्या अंगाला पाणी अडवण्याची त्यांची सूचना मान्य झाली आणि १९२० साली उस्मानसागर, १९२७ साली हिमायतसागर उभा राहिला. पुराला आवर बसला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले.

याच काळात, १९१८ साली, उस्मानिया विद्यापीठ निघाले. मराठवाड्यातली मुले तिथे उर्दूतून शिकली. १९३८ साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले. विद्यापीठाच्या आवारात निघालेला प्रश्न आवारातच राहत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी तेव्हाच पाहिले होते.

पुराचा धडा मात्र शहर विसरत गेले. तलावांच्या पोटात वस्त्या उठल्या. दोन्ही सागरांभोवती दहा किलोमीटरपर्यंत बांधकामावर १९९६ साली बंधने आली. २०२२ साली राज्य सरकारने ती सैल करण्याचा आदेश काढला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, एका रात्रीच्या पावसाने शहर पुन्हा पाण्याखाली गेले आणि पुन्हा तलावांचे बांध फुटले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी म्हण आहे. इथे मागचाही त्याच दगडाला ठेचकाळला. त्यात आता हवामानबदलाची भर पडली आहे. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून कोसळतो तेव्हा पाऊस एकदम कोसळतो.

हे शिकवायचे कुठे? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्यास सांगितले. २००३ च्या आदेशानंतर पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. त्याचे पुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी लिहिले. चांगले पुस्तक आहे ते. पण आम्ही शिक्षकांनी विषयाचे काय केले? माझ्या शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे रंगीत चित्रे चिकटवलेली वही. गुण दिले की ती माळ्यावर गेली.

केंद्रीय विद्यापीठाच्या मुलांपुढे हा विषय वहीबाहेर येऊन उभा राहिला. संसदेच्या कायद्याने १९७४ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ आबिद्सवरील सरोजिनी नायडूंच्या घरात सुरू झाले आणि पुढे गचिबावलीच्या माळावर गेले. तिथल्या कंचा गचिबावलीच्या चारशे एकरांवर आयटी उद्योग आणण्याचा राज्य सरकारचा बेत होता. तेलुगूतला 'कंचा' म्हणजे आपले गायरान. जमीन आमची, असे सरकारचे म्हणणे. मोर, हरणे आणि तळी असलेले हे रान विद्यापीठाचेच अंग आहे, असे विद्यार्थ्यांचे. ३० मार्च २०२५ रोजी, उगादीच्या म्हणजे आपल्या पाडव्याच्या दिवशी, बुलडोझर आले. मुलांना पोलिसांनी धरून नेले. वर्गांवर बहिष्कार पडला. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई आणि न्या. मसीह यांनी वृक्षतोड थांबवली. तोवर सुमारे शंभर एकर रान उजाड झाले होते.

माझी विद्यार्थिनी सांगत होती, त्या दिवसांत झाडाखाली बसून मुले वाद घालत. कुणी म्हणे, आयटीत आपल्यालाच नोकऱ्या मिळतील. दुसरा विचारी, पावसाचे पाणी मग कुठे मुरणार? या वादात कुणीतरी १९०८ काढले आणि हिला काही सांगता येईना. पहिला प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. आमच्या कितीतरी घरांच्या चुली त्या इमारतींतल्या पगारावर पेटतात. पण दोन्ही प्रश्न एका बैठकीत विचारले जावेत, यासाठीच तर विद्यापीठे असतात.

आणि हा वाद हैदराबादकरांपुरता नाही. बीडच्या बालाघाटात उगम पावणारी मांजरा लातूर-बीदर करीत तेलंगणात उतरते. १९६५ पासून तिचे पाणी हैदराबादच्या नळांना गेले. त्याच मांजरेवरचे धरण आटले म्हणून २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. राज्ये तीन, भाषा तीन, नदी एक.

यंदा नववीच्या वर्गाला मी प्रकल्पाची वही सांगितली नाही. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून या, एवढेच सांगितले: गावचा तलाव कुठपर्यंत भरत असे, आणि आज तिथे काय आहे? कुणी मराठीत लिहून आणले, कुणी घरी तेलुगूत, कुणी कानडीत ऐकून. शनिवारी आम्ही सारे त्या तलावावर गेलो. मुलांनी आजोबांच्या खुणा शोधल्या. त्यातली एक खूण आमच्या शाळेच्या कुंपणाच्या आत निघाली.