रूळ, दुधना आणि सव्वादोन फूट

ऑनसाइटला जाऊन आलेल्या मित्रांच्या तोंडून 'रेल-ट्रेल' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ उचलायचे, खालची वाट नीट करायची आणि चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना देऊन टाकायची. इंजिनाला चढ सोसत नाही, त्यामुळे अशी वाट आपोआपच सोपी असते.

जालना जिल्ह्यात असलं काही नाही. इथला मार्ग सव्वाशे वर्षांत बंदच पडला नाही, फक्त त्याचे रूळ बदलले. पण रुळांच्या कडेनं, शेतांच्या बांधाला लागून जाणारी गाडवाट आहे. दिवाळीच्या आसपास रांजणीकडून परतूरच्या दिशेनं त्या वाटेवर पाच-सहा किलोमीटर चालावं. (रुळांवरून नाही हं! तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि विजेवरची गाडी येताना वर्दी देत नाही.)

सोयाबीन निघालेलं असतं, तुरीला पिवळा फुलोरा, कापसाची वेचणी चालू. कडेला तरवड फुललेला आणि गुडघाभर कुसळी गवत, ते मोज्यांना चिकटतं आणि पुण्याला घरी येईपर्यंत सोबत करतं. दुधना नदी आणि रूळ साधारण एकाच दिशेनं जातात, म्हणून दम लागेल असा चढ नाही. आणि शांतता म्हणाल तर अशी, की वेचणीच्या बायकांचं बोलणं दोन वावरं पलीकडून ऐकू येतं. एकेरी मार्ग, त्यामुळे गाड्याही तशा मोजक्या.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा ही शांतता मला निसर्गाची देणगी वाटली. मग मार्गाचा इतिहास वाचला आणि शंका यायला लागली.

हैदराबाद संस्थानात पहिली रेल्वे आली १८७४ साली, वाडी ते सिकंदराबाद. ती ब्रॉडगेज होती, म्हणजे मुंबई-मद्रास मार्गाला थेट जोडलेली. पुढे १८८३ साली रेल्वे लंडनमधल्या एका कंपनीकडे सोपवायची ठरली, तीही निजाम सरकारनं भांडवलावरच्या व्याजाची हमी देऊन. म्हणजे नफा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर रयतेचा! (आपल्याकडे अशा करारांना आता वेगळी, गोंडस नावं आहेत.) या 'चांदा रेल्वे' योजनेला हैदराबादेत जाहीर विरोध झाला. विरोध करणाऱ्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते, सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांना त्यापायी संस्थानाबाहेर काढलं गेलं. रेल्वेच्या करारावरून हद्दपारी!

त्याच कंपनीनं नंतर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे बांधली. सिकंदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडपर्यंत, सहाशे किलोमीटरहून लांब. १९०१ पर्यंत हा मार्ग पुरा झाला. काम चालू असतानाच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ मराठवाड्यावर कोसळला होता. आणि ही रेल्वे होती मीटरगेज. स्वस्तात होते म्हणून.

मीटरगेज म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर, ब्रॉडगेज म्हणजे १६७६. फरक जेमतेम सव्वादोन फुटांचा. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन सिस्टीम शेजारी शेजारी आहेत, पण फॉरमॅट जुळत नाही आणि मधला कन्व्हर्टर म्हणजे मनमाडचे हमाल. 'जालना सोन्याचा पाळणा' म्हणतात ना, त्या जालन्याचा कापूस मनमाडला एका डब्यातून उतरवायचा, दुसऱ्यात चढवायचा. माणसांचंही तेच. मुंबईला निघालेला मराठवाड्यातला माणूस ट्रंका घेऊन मनमाडच्या फलाटावर उतरणारच.

गंमत म्हणजे नगरसूल आणि रोटेगाव यांच्या दरम्यान निजामाची हद्दही होती. म्हणजे मनमाड मुंबई प्रांतात. हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांचं एक केंद्र मनमाडला होतं ते यामुळेच: निजामी पोलिसांच्या हाताबाहेर, तरी मराठवाड्याच्या गाडीच्या टोकाशी.

सप्टेंबर १९४८ मध्ये राजकीय हद्द पुसली गेली. सव्वादोन फुटांची हद्द मात्र राहिली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १९८१ मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तरी मनमाडला गाडी बदलणं काही सुटेना. ब्रॉडगेजसाठी मराठवाड्यानं आंदोलनं केली, गोविंदभाई श्रॉफांसारख्या मुक्तिसंग्रामातल्या नेत्याला म्हातारपणी पुन्हा याच प्रश्नावर उभं राहावं लागलं. अखेर १९९० च्या दशकात जालन्याला रुंद रूळ आले. जी अडचण बांधतानाच दिसत होती, ती काढायला नव्वद वर्षं! कुठल्याही लेगसी सिस्टीमवर काम केलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसणार नाही, पण इथे किंमत एका अख्ख्या प्रदेशानं मोजली.

म्हणून मला त्या वाटेवरची शांतता आता निर्भेळ सुंदर वाटत नाही. तिच्यात न आलेल्या गाड्या आहेत, न निघालेले कारखाने आहेत.

बदल होतोय. मार्गाचं विद्युतीकरण झालं. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, ती २०२५ मध्ये नांदेडपर्यंत नेली. ऑगस्ट २०२४ मध्ये १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव मार्गाला केंद्रानं मंजुरी दिली, आणि जुलै २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला. रांजणी-परतूर त्याच टप्प्यात येतं. दुसरा रूळ टाकायचा म्हणजे कडेची जागा लागणारच. काही ठिकाणी गाडवाट सरकेल, काही ठिकाणी जाईल. तरवडही जाईल. मला वाईट वाटेल, पण तिथल्या कुणालाही वाटेल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर आहे.

तोवर जायचं असेल तर ऑक्टोबरचं ऊन उतरल्यावर जा, सकाळी लवकर. पाणी सोबत घ्या, वाटेत दुकान नाही. आणि परतीच्या पॅसेंजरची वेळ आधी बघून ठेवा, ती चुकली तर पुढची बराच वेळ नसते.