फौजी, पुढारी आणि ‘लढाई नको’वाले

आमचं वऱ्हाड एकदा पलटणीच्या पगारापायी गहाण पडलं होतं. निजामाच्या नावावर इंग्रज अधिकारी एक फौज बाळगून होते, हैदराबाद कंटिन्जंट. हुकूम रेसिडेंटचा, खर्च निजामाचा. निजामाचा पैसा थकला तेव्हा २१ मे १८५३ च्या तहानं कंपनीनं वऱ्हाडचा कारभार हातात घेतला. इथल्या काळ्या जमिनीचा सारा वसूल करायचा आणि त्यातून शिपायांचे पगार भागवायचे, असा तो व्यवहार. १९०२ साली लॉर्ड कर्झननं निजामाला वर्षाला २५ लाख देण्याचं ठरवून तोच व्यवहार कायमच्या पट्ट्यात बदलून टाकला. मूर्तिजापूर तालुक्यातल्या माझ्या पणज्याला दोन्ही वेळी कोणी काही विचारलं नसणार. फौज कोणासाठी, लढाई कोणाशी आणि बिल कोणाच्या शेतावर, हे तिन्ही निर्णय दुसरीकडे होत होते.

हा इतिहास मी रिटायर झाल्यावर वाचला. सिग्नल कोअरमध्ये वायरलेस ऑपरेटर म्हणून भरती झालो, नायब सुभेदार म्हणून बाहेर पडलो, आता अकोल्यात असतो. आम्ही माजी सैनिक सकाळी नेहरू पार्क चौकात चहाला जमतो. टीव्हीवर कोणी एखाद्या लढाईबद्दल सरकारला प्रश्न विचारलेला असला की त्या दिवशी आमच्या टेबलावर ‘देशद्रोही’ हा शब्द हमखास येतो. माझं त्या शब्दाशी जमत नाही. मित्र म्हणतात, तू लंकेत गेलास तिथून बिघडलास. असेलही.

फौजीपणा वऱ्हाडाला नवा नाही. अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात २९ नोव्हेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीनं भोसल्यांचा पराभव केला, पंधरवड्यात गाविलगड घेतला आणि डिसेंबर संपण्याआधी देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव इथं भोसले-शिंद्यांशी दोन तह उरकले. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून नेपोलियनला हरवणारा माणूस. आणखी एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक असते. आजच्या कुमाऊँ रेजिमेंटच्या सर्वांत जुन्या पलटणींचं मूळ अचलपूरच्या नवाब सलाबतखानानं १७८८ साली उभ्या केलेल्या तुकड्यांत आहे. पहाडी जवानांच्या त्या रेजिमेंटचं मूळ गाव आमच्या मेळघाटाच्या पायथ्याशी. अचलपूरकरांना सांगितलं तर ते हसतात.

माझ्या घरात मात्र फौज आली ती बाबासाहेबांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली आणि काम झाल्यावर १९२१ पर्यंत तीही मोडून टाकली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी पाठिंबा दिला तो हिशेब मांडून दिला. हिटलर जिंकला तर माणुसकीचं काय होईल ते त्यांना दिसत होतं आणि आपल्या माणसांची स्वतःची रेजिमेंट हवी हेही त्यांनी सोडलं नाही. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला. माझे वडील कामठीला भरती झाले.

आमच्याच गावात एक गुरुजी होते, खादीवाले, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी पवनारहून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. इंग्रजांच्या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, एवढं जाहीर बोलायचं आणि तुरुंगात जायचं. गुरुजी त्यात गेले आणि शिक्षा भोगून आले. म्हणजे एकाच गावात, दीड-दोन वर्षांच्या अंतरानं, एक माणूस युद्धात गेला आणि एक युद्धाविरुद्ध जेलात. दोघांची घरं समोरासमोर नव्हती, तेव्हाच्या गावात ती असूही शकत नव्हती. पण म्हातारपणी दोघं एस. टी. स्टँडच्या लिंबाखाली बसत आणि भांडत. १९६२ आणि १९६५ साली तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सीमेवर जवानांसमोर भजनं करायला गेले. तो विषय निघाला की वडील गुरुजींना डिवचत.

“आता कसे गेले तुमचे महाराज लढाईवर?”

“तवाची लढाई इंग्रजाची होती बावा. हे तं घरावर आली.”

“मंग मी कोणाची लढली?”

गुरुजी यावर गप्प राहत. वडिलांनाही उत्तर नको असे. मला आज त्या दोघांबद्दल एकच गोष्ट मोठी वाटते. ज्यानं हो म्हटलं त्यानं का ते आधी सांगितलं होतं, आणि ज्यानं नाही म्हटलं त्यानं त्याची किंमत स्वतः भरली होती. लंकेच्या वेळी मला दोन्ही बाजूंना ही माणसं फार कमी दिसली.

२९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि लंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी मानवंदनेच्या रांगेतल्या एका सिंहली नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला, खांद्यावर बसला. यजमानाच्या घरी अशी सलामी झाली, तरी तिथं जाणाऱ्या फौजेचं नाव शांती सेना. तमिळ वाघांनी, म्हणजे एलटीटीईनं, हत्यारं खाली ठेवायची आणि आपण ती मोजून घ्यायची, असं ठरलं होतं. या वाघांच्या किती तरी पोरांना १९८३ नंतर भारतातच प्रशिक्षण मिळालं होतं. ऑक्टोबर उजाडेपर्यंत सगळं फिसकटलं. पकडलेल्या वाघांपैकी बारा जण ५ ऑक्टोबरला सायनाइड खाऊन मेले, आणि त्याच आठवड्यात ऑपरेशन पवन सुरू झालं. ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्याशीच लढाई.

आमची तुकडी अँटोनोव्ह विमानानं पलालीच्या धावपट्टीवर उतरली तेव्हा पाऊस होता. वऱ्हाडातला माणूस ताडाचं रान पहिल्यांदाच बघत होता. नकाशे जुने. रस्त्याखाली सुरुंग. आणि आमच्या धंद्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट अशी की वाघ आमचे सेट ऐकत होते. ११ आणि १२ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं कमांडो आणि १३ शीख लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरवले, तर खाली वाघ वाट बघत बसलेले. शिखांच्या तीस जणांच्या तुकडीतला एक जिवंत सापडला, तो कैदी म्हणून. ऑपरेटरला ही गोष्ट दुसऱ्यांपेक्षा वेगळी लागते. आपण कानाला हेडफोन लावून जे बोलतो त्याला आणखी कोणाचे कान आहेत, हे कळल्यावर आवाजच फुटत नाही.

दीडेक महिन्यानं, २५ नोव्हेंबरच्या रात्री, ८ महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत असताना त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. ते शत्रूच्या पाठीमागून गेले, हातघाई झाली, छातीत गोळी बसली. तशाच अवस्थेत समोरच्याची रायफल हिसकावून त्यांनी त्याला मारलं आणि प्राण जाईपर्यंत हुकूम देत राहिले. मुंबईत जन्मलेला तमिळ माणूस, महार रेजिमेंटचा अधिकारी, तमिळ वाघांशी लढताना गेला. लंकेतलं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. त्या बातमीनंतर वडिलांचं पत्र आलं, त्यात पहिल्या ओळीत ‘आपली रेजिमेंट’ आणि शेवटच्या ओळीत, सांभाळून राहा.

सुटीवर आलो तर आई वेगळंच विचारत बसली. “काहून रे, शांती सेना म्हनते न् गोया काहून चालवते?” दिल्लीत कोणी इतका नेमका प्रश्न त्या जुलैत विचारला असता तर बरं झालं असतं. काँग्रेसकडे लोकसभेत चारशेच्या वर जागा होत्या आणि करार झाला तेव्हा कौतुकाचाच सूर मोठा होता. टीका वाढत गेली ती शवपेट्या यायला लागल्यावर, आणि तिला खरा जोर चढला निवडणूक जवळ आल्यावर. टीकेतले मुद्दे बरेचसे खरे होते. पण जहाज बुडताना वाचलेली पोथी नि बंदरातून निघताना वाचलेली पोथी यांत फरक असतो.

फौजेची बाजू मी घेणार, पण सगळी नाही. २१ ऑक्टोबर १९८७ ला, ऐन दिवाळीत, आपले जवान जाफना हॉस्पिटलमध्ये शिरले. आतून गोळीबार झाला, असं फौजेचं म्हणणं. डॉक्टर, नर्सा, रुग्ण मिळून साठ-सत्तर माणसं मेली, असं तिथल्या लोकांचं म्हणणं. डॉक्टर आणि नर्सा मेल्या हे तर कोणी नाकारत नाही. त्याबद्दल लिहिणाऱ्याला मी शिव्या देऊ शकत नाही.

लिहिणाऱ्यांतलं एक नाव मी आमच्या चहाच्या टेबलावर मुद्दाम काढतो: डॉ. रजनी तिरानगामा. जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवायच्या. कधी काळी वाघांच्या जखमींवर उपचार केलेली बाई. पुढे सहकाऱ्यांबरोबर ‘द ब्रोकन पामायरा’ हे पुस्तक लिहिलं, त्यात शांती सेनेनं काय केलं ते आहे, लंकेच्या फौजेनं काय केलं ते आहे आणि वाघांनी काय केलं तेही आहे. तिन्ही बंदुकींच्या मधोमध राहून लिहिलं. २१ सप्टेंबर १९८९ ला सायकलवरून घरी जाताना त्यांना गोळ्या घातल्या. वय ३५. वाघांनीच मारलं, असं त्यांच्या घरचे आणि सहकारी सांगत आले. लढाई नको म्हणणाऱ्यांत मी यांना विनोबांच्या ओळीत बसवतो. आमचे एक सुभेदारसाहेब म्हणतात, बाईनं आपल्याविरुद्ध लिहिलं होतं. मी म्हणतो, हो, लिहिलं होतं.

दुसरं नाव समाजवादी पुढारी जॉर्ज फर्नांडिस, आणि इथं मलाही थोडं अवघड जातं. २ ऑगस्ट १९८९ ला वाल्वेट्टीतुराईत, म्हणजे वाघांचा म्होरक्या प्रभाकरनच्या गावात, वाघांच्या हल्ल्यात आपले जवान गेले, आणि त्यानंतर आपल्या फौजेच्या हातून पन्नासवर नागरिक मारले गेले. त्यावर एक पुस्तिका निघाली, प्रस्तावना जॉर्जसाहेबांची, आणि तिच्या नावातच या गावाला भारताचं माय लाय म्हटलेलं. माय लाय म्हणजे व्हिएतनाममधलं ते गाव, जिथं अमेरिकन फौजेनं बायकापोरं मारली. तुलना मला आजही जड वाटते. पण ते गाव, त्या तारखा, ती माणसं खोटी नव्हती. आपल्या फौजेला हे कोणीतरी आपल्यातल्यानंच विचारायला हवं होतं, परक्यानं विचारण्याआधी.

तोवर कोलंबोचा यजमानही बदलला होता. नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी फौज २९ जुलै १९८९ पर्यंत परत न्या म्हणून सांगितलं आणि आपल्याला घालवण्यासाठी वाघांनाच हत्यारं पुरवली. व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं, शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. मद्रास बंदरावर स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. तमिळांना मारून आलेल्या फौजेचं स्वागत कसं करू, हा त्यांचा मुद्दा. मी त्याआधीच परतलो होतो. त्या घटनेवर माजी सैनिक अजून चिडतात. मला एवढंच वाटतं की फौज कोणी पाठवली होती हे करुणानिधींना पक्कं ठाऊक होतं, तो राग दिल्लीच्या फलाटावर दाखवता आला असता. हारतुरे नको होते. उतरणारा जवान कोणाचा तरी मुलगा होता. पुढची वर्षं सगळ्यांना माहीत आहेत. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी, १ मे १९९३ ला प्रेमदासा. दोन्ही खून वाघांनी केले.

लंकेत आपले सुमारे बाराशे जवान गेले. त्यांच्या नावांचं स्मारक २००८ साली कोलंबोजवळ झालं, लंकेच्या भूमीवर. आपल्याकडे बराच काळ कोणी नावच घेत नव्हतं. कारगिल दिनाला शाळांत बोलवतात. एका शाळेत मी लंकेबद्दल बोलायला लागलो तर बाईंनी हळूच चिठ्ठी दिली, कारगिलवर बोला. जिंकलेली लढाई पोरांना सांगायला सोपी जाते, हे खरं. मी लंकेबद्दलच बोललो. पोरं छान ऐकतात, त्यांना सुरुंग कसा शोधतात ते हवं असतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामात आमच्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले. त्या आठवड्यात गावोगाव मेणबत्त्या घेऊन लोक रस्त्यावर आले. स्फोटकांनी भरलेली गाडी ताफ्यापर्यंत पोचलीच कशी, असं कोणी विचारलं की लगेच तोंड बंद. आमच्या टेबलावरही हेच झालं. मी म्हटलं, हा प्रश्न तर पहिला फौजीनं विचारायचा असतो, ऑपरेटर म्हणून मला तेच शिकवलं होतं: काय चुकलं ते त्याच रात्री कळवा. दोघं उठून गेले, दुसऱ्या दिवशी आले.

जॉर्जसाहेबांचं पुढे काय झालं ते त्या टेबलावर सगळ्यांना माहीत आहे. १९९८ ला ते संरक्षणमंत्री झाले. सियाचीनला इतक्या वेळा गेले की जवान त्यांना नावानं ओळखू लागले. बर्फावरच्या स्कूटरची फाइल मंत्रालयातले बाबू दाबून बसले होते, तर त्या बाबूंनाच त्यांनी सियाचीनला राहून या म्हणून पाठवलं. आमचे सुभेदारसाहेब, रजनीबाईंचं नाव ऐकून तोंड फिरवणारे, हा किस्सा स्वतः रंगवून सांगतात, हात वर करून, बाबू कसे कुडकुडले ते दाखवून. त्याच माणसाला १९८९ साली जाफन्याच्या मेसमध्ये ते काय काय म्हणत होते, ते मी तिथं होतो म्हणून मला ठाऊक आहे. इथं छापण्यासारखं त्यात काही नाही.