विचारलेली वेळ आणि वाटेतला वेळ

आमच्या प्रयोगशाळेत एकदा दोन संगणक एकाच प्रयोगाच्या नोंदी घेत होते. दिवा केव्हा लागला ते एकाने नोंदवले, प्रकाश केव्हा पोचला ते दुसऱ्याने. नोंदी ताडून पाहिल्या, तर दिवा लागण्याआधीच प्रकाश पोचलेला! दोष अर्थातच घड्याळांचा होता. संगणकातले घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालते आणि तापमान बदलले की ही कंपनेही किंचित बदलतात. लाखात एक भाग एवढीच चूक धरली, तरी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ०.८६ सेकंदाचा फरक पडतो. महिन्याला सुमारे २६ सेकंद.

मग एखाद्या अचूक घड्याळाला वेळ विचारावी, हे ओघानेच आले. पण उत्तर यायलाही वेळ लागतो. तो किती लागला हे कळायला दोन्ही टोकांची घड्याळे आधी जुळलेली हवीत. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच!

या पेचातून सुटण्याची वाट इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८६६ साली अटलांटिक महासागरातून टाकलेली तारायंत्राची केबल सुरू झाली. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ बेंजामिन गुल्ड यांनी लगेच तिच्या साहाय्याने आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्या रेखांशांतला, म्हणजेच स्थानिक वेळांतला, फरक मोजला. त्यासाठी संकेत दोन्ही दिशांनी पाठवले गेले. केबलमधला विलंब एका दिशेच्या मोजमापात मिळवला जातो, तर उलट दिशेच्या मोजमापातून वजा होतो. सरासरी घेतली की तो उरत नाही.

संगणकांच्या जाळ्यासाठी हाच विचार डेव्हिड मिल्स यांनी राबवला. त्यांच्या ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’चा पहिला मसुदा सप्टेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. मिल्स पुढे डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक होते. लहानपणापासून काचबिंदूने त्यांची दृष्टी अधू होती, उतारवयात ती पूर्ण गेली; तरी या प्रोटोकॉलचे काम त्यांनी दशकानुदशके चालवले. १७ जानेवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

पद्धत फळ्यावर मांडता येण्याजोगी आहे. समजा, आपल्या संगणकाच्या घड्याळात ० मिलिसेकंद असताना प्रश्न निघाला. टाइम सर्व्हरने टपाल कचेरीप्रमाणे त्यावर आपल्या घड्याळातले दोन शिक्के मारले: आगमन १३०, रवानगी १४०. उत्तर हाती आले तेव्हा आपल्या घड्याळात ११०. एकूण ११० पैकी १० सर्व्हरपाशी गेले, म्हणजे प्रवासाचे १००. एका खेपेचे ५०. तेव्हा प्रश्न पोचला त्या क्षणी आपल्या घड्याळात ५० होते, सर्व्हरच्या घड्याळात १३०. आपण ८० मिलिसेकंद मागे आहोत.

विद्यार्थ्यांना इथे थांबवून विचारावे: ‘एका खेपेचे ५०’ हे कशावरून? खरी गोम इथेच आहे. गुल्ड यांच्या केबलमध्ये जाण्यायेण्याची वाट एकच होती. इंटरनेटवर उत्तर निराळ्या वाटेने येऊ शकते, कुठेतरी रांगेत अडकू शकते. जाताना ७० आणि येताना ३० लागले असतील, तर आपण खरे ६० मिलिसेकंदच मागे आहोत. आणि चारही आकडे मात्र तेच राहतात! त्या आकड्यांवरून ही चूक ओळखता येत नाही. ती प्रवासाच्या निम्म्याहून, म्हणजे इथे ५० हून, जास्त असणार नाही एवढेच सांगता येते.

म्हणून मिल्स यांनी भर दिला तो उत्तरे पारखण्यावर. शेवटच्या आठ उत्तरांपैकी सर्वांत कमी प्रवासाचे उत्तर ग्राह्य मानायचे, कारण ते रांगेत सर्वांत कमी रखडलेले असते. सर्व्हर एकापेक्षा अधिक विचारायचे आणि ज्याची वेळ इतरांशी जुळत नाही त्याला वगळायचे. फरक लहान असेल तर काटे एकदम न सरकवता घड्याळ थोडे जलद किंवा संथ चालवायचे. नाहीतर घड्याळ मागे जाईल, आणि नंतर लिहिलेली नोंद आधीची ठरेल.

आमचे दोन्ही संगणक या उपायाने मिलिसेकंदाच्या आसपास जुळले. पण प्रकाश एका मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जातो, आणि आमची खोली जेमतेम सहा मीटरची. शेवटी दोन्ही तारा आम्ही एकाच यंत्राला जोडल्या.