वाघ मोजणाऱ्या साहेबाच्या नावाचं जंगल

चाळीसगावहून कन्नडला जाताना जो घाट लागतो, त्याला औट्रम घाट म्हणतात. त्याच्या आजूबाजूला सातमाळ्याच्या डोंगरात १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं, त्याच्याही नावात हा साहेब आहे : गौताळा औट्रमघाट अभयारण्य. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर. त्यातला साधारण पाव हिस्सा आपल्या जळगाव जिल्ह्यात येतो, बाकीचा घाटमाथ्यावर, मराठवाड्यात.

हा साहेब म्हणजे जेम्स औट्रम. १८२५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याला खानदेशात भिल्लांची पलटण उभी करायला पाठवलं. पलटणीचं ठाणं धरणगावला होतं. पुढे १८५७ मध्ये लखनौला लढला, मेल्यावर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला, एवढा मोठा झाला. पण त्याच्या चरित्रात खानदेशातल्या दिवसांचा एक वेगळाच हिशेब आहे. १८२५ ते १८३४ या काळात तो स्वतः हजर असताना मारले गेलेले वाघ : १९१. शिवाय १५ बिबटे आणि २५ अस्वलं.

ज्याच्या नावावर १९१ वाघ आहेत, त्याचं नाव अभयारण्याला. हे वाचून हसू येतं, मग जरा विचित्र वाटायला लागतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी भाचा-भाचीला घेऊन पाटणादेवीला गेलो. भाची अकरा वर्षांची, भाचा आठचा. दोघं धुळ्यात वाढलेली. ‘जंगल’ म्हणजे त्यांच्यासाठी मोबाईलवर बघायचं काहीतरी. चाळीसगावपासून पाटणादेवी अठराएक किलोमीटर. अर्धा रस्ता दोन्ही बाजूंना कपाशी, मका, मधेच ऊस. मग समोर डोंगराची भिंत येते आणि तीन बाजूंनी वेढून टाकते. फोनची रेंज गेली तसा भाचा गाडीतच म्हणाला, “मामा, आपण बेटावर आलो का?” नेटवर्क नसलेल्या जागेला तो बेट म्हणतो, कुठल्यातरी गेममुळे.

पण शब्द बरोबर होता. घरी आल्यावर सॅटेलाइटचा नकाशा उघडून बघा. गौताळ्याचा हिरवा तुकडा दिसेल आणि उत्तरेला गिरणेच्या खोऱ्यापर्यंत, दक्षिणेला कन्नडच्या पठारावर, सगळीकडे शेतांचे चौकोन. समुद्राच्या जागी कपाशी आहे, इतकंच.

चंडिकादेवीच्या देवळापाशी उतरल्यावर भाचीचा पहिला प्रश्न आमच्या आईच्या अहिराणीत आला : “आठे वाघ शे का?” मी तिला औट्रमचा आकडा सांगितला. तिला तो कळेना. १९१ म्हणजे किती? मग तीच म्हणाली, मोजू या. धवलतीर्थाच्या धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर तिने झाडं मोजायला सुरुवात केली, एक झाड एक वाघ. चाळीसपर्यंत मजा होती. साठाला भाचा कंटाळला. शंभरनंतर ती हळू आवाजात मोजायला लागली. १९१ वं झाड आलं तेव्हा आम्ही बरेच आत होतो. तिने मागे वळून बघितलं आणि विचारलं, “इतके कशाला मारले पण?”

तिला तिथे जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. इथे नीट सांगतो.

हे जंगल पहिल्यापासून आडवळणाचं नव्हतं. देवळाजवळून डोंगरात चढणारी वाट पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाते. ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला घेतलेली, म्हणजे देशातल्या फार जुन्या लेण्यांपैकी. त्यांना दान देणाऱ्यांत पैठणच्या सुगंधी मालाच्या व्यापाऱ्याच्या घराण्यातला माणूस आहे. तिथे सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. पैठणचा व्यापारी इथे दान देतो, कारण हा डोंगर त्याच्या वाटेवर होता. दख्खनच्या पठारावरून तापीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटा याच डोंगररांगेतून जात.

पायथ्याचं पाटण हे तर भरल्या बाजाराचं गाव. इथला १२०७ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि इथल्या निकुंभ राजघराण्याने त्याला दान दिलं. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठाच्या खर्चाची सोय आहे : बाजारात येणाऱ्या मालावरच्या करातला वाटा, तेलाच्या घाण्यांकडून तेल. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या दरीत मुलं गणित शिकत होती आणि त्यांच्या दिव्यात बाजारातलं तेल जळत होतं.

मग हे गाव जंगलात गेलं कसं? राज्यं बदलली, व्यापाराच्या वाटा बदलल्या. नंतर होळकर-शिंद्यांच्या लढायांत खानदेश लुटला गेला आणि पाठोपाठ १८०३-०४ चा मोठा दुष्काळ आला. माणसं मेली किंवा गाव सोडून गेली. ओस शिवारात झुडपं माजली, झुडपांत वाघ आले. १८१८ साली इंग्रजांना खानदेश मिळाला तो हा असा. त्यांना शेतसारा हवा होता. साऱ्यासाठी नांगर हवा आणि नांगराच्या आड दोघं येत होते, वाघ आणि डोंगरातले भिल्ल. वाघाला मारणाऱ्याला बक्षीस लावलं. भिल्लांतल्या काहींना फाशी आणि तुरुंग, काहींना तगाई आणि जमीन, तर काहींना औट्रमच्या पलटणीत नोकरी मिळाली. शिकारीत वाघाचा माग काढून देणारेही भिल्लच होते. औट्रमला शिकारीचा नाद होता हे खरंच, पण तो नाद सरकारच्या कामाला येत होता.

पुढचं काम कापसाने केलं. १८६० च्या दशकात रेल्वे आली, त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सपाटीवरचं रान नांगराखाली गेलं. डोंगरात उरलं ते १८७८ च्या वन कायद्यानंतर ‘राखीव’ होत गेलं आणि ज्यांचं घर त्या रानात होतं, त्यांच्यावर लाकडासाठी, चराईसाठी परवानगी मागायची वेळ आली. जंगलाचं बेट झालं ते असं. आपण त्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतो तेव्हा एवढी सगळी माणसं पुसून टाकतो.

बेट झालेल्या जंगलाचं पुढे काय होतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण पनामात आहे. पनामा कालव्यासाठी नदी अडवली, १९१३ च्या सुमारास तलाव भरला आणि एका टेकडीचा माथा पाण्याबाहेर राहिला. तेच बारो कोलोरॅडो बेट. १९२३ पासून ते संशोधनासाठी राखलं आहे. तरी रानातले कितीतरी पक्षी तिथून नाहीसे झाले. जागा लहान, त्यामुळे संख्या कमी. एखाद्या वाईट वर्षी जात संपली, तर मोकळं पाणी ओलांडून नवीन जोडी येत नाही. नुसतं कुंपण घालून जंगल टिकत नाही, त्याला वाट लागते.

गौताळ्याचा समुद्र मात्र अजून ओलांडता येतो. मार्च २०२१ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला हा तरुण नर कपाशी, तूर, रस्ते, नाले ओलांडत शेकडो किलोमीटर चालून आला होता. कित्येक दशकांनी इथे वाघ दिसला. त्याला कोणी आणून सोडलं नव्हतं. तो आला नाल्याकाठच्या झुडपांतून, बांधावरच्या बाभळींतून, गावाच्या गायरानांतून. सातबाऱ्यावर ‘पडीक’ म्हणून लिहिलेल्या जमिनीतून.

मुलांना घेऊन पाटणादेवीला जरूर जा. देवळाचा जुना दगड दाखवा, शिलालेखाची गोष्ट सांगा, १९१ पर्यंत मोजून बघा. आणि येताना चाळीसगावच्या अलीकडे, जिथे जंगल संपलं असं वाटतं, तिथे गाडीची काच खाली करून त्यांना नाले आणि बांधही दाखवा. पुढचा वाघ आला तर तिथूनच येणार आहे.