घणाचे ठोके आणि जमिनीचे थर

अ‍ॅमस्टरडॅमचा राजवाडा १३,६५९ लाकडी खांबांवर उभा आहे. तिकडची मुले हा आकडा युक्तीने ध्यानात ठेवतात : वर्षाचे दिवस ३६५, त्यांच्या आधी एक, नंतर नऊ. १६४८ साली नगरभवन म्हणून ते काम निघाले. खांब ठोकणाऱ्यांची नावे मात्र कोणी पाठ करीत नाही. असो.

त्या शहरात वर भराव, त्याखाली कुजलेल्या झाडपाल्याची माती व चिकणमाती, आणि सुमारे १२ मीटरांवर वाळूचा पहिला थर. खांबाचे टोक त्या वाळूत टेकले पाहिजे. टेकले हे कळावे कसे? माणसांची टोळी दोर ओढून जड ठोकळा वर नेई, मुकादम गाणे म्हणे, तालावर ठोकळा पडे. आमच्या गोदीतल्या 'हैशा'ची ती सख्खी बहीणच. दर ठोक्याला खांब किती उतरतो, हे त्या हातांना कळे. जमिनीचे पहिले गणित आम्ही त्यालाच म्हणतो.

कागदावरचे गणित १८८८ साली अमेरिकेत वेलिंग्टन या इंजिनियरने मांडले. घणाचे वजन, पडण्याची उंची, शेवटच्या ठोक्यांनी खांब किती उतरला, एवढ्यावरून खांबाची ताकद काढायची आणि तिचा सहावा हिस्साच भरवशाचा धरायचा. आम्ही गणित शिकलो ते पाळीनंतर, दिव्याखाली. तरी हे सूत्र आम्हांसही समजते. म्हणूनच ते फार चालले. पण त्यात जमीन कुठे आहे? ओल्या चिकणमातीत ठोका बसला की आतल्या पाण्याचा दाब वाढतो, माती ढिली पडते आणि काही काळाने पुन्हा आवळते. उलट वाळूच्या पातळ थरावर ठोका खणखणीत लागतो. खाली मऊ माती असली तर भार आल्यावर इमारत खचते. शिवाय भरावाच्या ओझ्याने माती बसू लागली की जी खांबाला धरून होती तीच त्याला खाली ओढते.

१९१८ साली वेस्पजवळ रेल्वेचा भराव घसरून ४१ माणसे मेली, तेव्हा हॉलंडात मातीच्या अभ्यासाला निकड आली. १९३२च्या सुमारास बारेंटसेन याने १० चौरस सेंटिमीटरांचा शंकू जमिनीत दाबून थराथराचा विरोध मोजला. शंकू ही खांबाचीच लहान प्रतिकृती. पण लहानाला जे टोकापाशी कळते ते जाड खांबाला दुरून जाणवते. म्हणून टोकाखाली व्यासाच्या चौपटीपर्यंत व टोकावर आठपटीपर्यंतची मापे घेऊन सरासरी काढण्याची रीत पडली.

आणखी एक गोम आहे. पाण्यात थर बसून झालेली माती पोथीसारखी असते. वरून दाबा, एक गोष्ट. पाने सरकवा, दुसरी. आज संगणकाला प्रत्येक थराची उभी व आडवी ताकद निरनिराळी सांगता येते. ती सांगायची तर आधी मोजावी लागते, आणि मोजण्याचा खर्च पुष्कळांना नकोसा असतो.

२००८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हायझेलग्राख्त रस्त्यावर भुयारी रेल्वेचे स्थानक खणताना भिंतीला गळती लागली. पाण्याबरोबर वाळू आत आली. शेजारची काही घरे जूनमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर खचली, आणखी काही सप्टेंबरात २० सेंटिमीटरांहून अधिक. सतराव्या शतकात विणकरांसाठी बांधलेली घरे ती. खांब जागच्या जागी होते. त्यांच्या टोकाखालची वाळू निघून गेली होती, आणि रहिवाशांना बिऱ्हाडे हलवावी लागली.