दिनविशेष : २७ सप्टेंबर – हरण्याचा विक्रम

२०२४ : अमेरिकेतील शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉल संघ डेट्रॉइट टायगर्सकडून ४-१ असा हरला. हंगामातला हा १२१वा पराभव. १९६२मध्ये न्यूयॉर्क मेट्सने १२० सामने गमावून केलेला आधुनिक काळातला नकोसा विक्रम त्यामुळे मोडीत निघाला.

जुलै-ऑगस्टमध्ये तर सलग २१ सामन्यांत हार! व्यवस्थापक पेड्रो ग्रिफोल यांची उचलबांगडी झाली, तरी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. गंमत म्हणजे, विक्रम मोडला त्याच आठवड्यात या संघाने घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस एंजल्सला लागोपाठ तीनदा हरवून नामुष्की लांबवली होती. टायगर्सनी मात्र २७ सप्टेंबरच्या त्या विजयाने दहा वर्षांनी बाद फेरी गाठली.

आधुनिक काळापूर्वीचा, १८९९च्या क्लीव्हलँड स्पायडर्सचा १३४ पराभवांचा विक्रम मात्र अजून अबाधित आहे.