क्रमिक पुस्तकांतील महायुद्ध : युरोपीय सहकार्यातील तज्ज्ञ आणि मुत्सद्दी

युरोपातील राजकीय सहकार्याचा इतिहास लिहिताना कोळसा, पोलाद आणि जकात यांना जे स्थान मिळते ते शाळांतील क्रमिक पुस्तकांना मिळत नाही. १९५१ च्या एप्रिलात झालेल्या पॅरिसच्या तहाने कोळसा व पोलाद यांचा संयुक्त संघ अस्तित्वात आला, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिस येथे व ऑक्टोबरात माइन्त्स येथे फ्रेंच आणि जर्मन इतिहासकार एकत्र बसले, आणि उभय राष्ट्रांतील वादग्रस्त प्रश्न मुलांपुढे कसे मांडावेत याविषयी त्यांनी चाळीस कलमांचा एक मसुदा संमत केला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्या मसुद्याची पूर्वपीठिका आणि विशेषतः त्यातील १९१४ च्या युद्धासंबंधीच्या कलमाचे पुढे काय झाले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या कार्याचा आरंभ राष्ट्रसंघाच्या काळात झाला. राष्ट्रसंघाने १९२२ साली बौद्धिक सहकार्याची जी समिती नेमली, तिचे पहिले अध्यक्ष तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ हे होते. मारी क्यूरी व आइन्स्टाइन हे तिचे सभासद होते, आणि पुढे आपल्याकडील जगदीशचंद्र बसू व राधाकृष्णन यांनीही तिच्यात काम केले. या समितीपुढे १९२५ साली स्पेनचे हूलियो कासारेस यांनी एक ठराव आणला. परराष्ट्राच्या क्रमिक पुस्तकात आपल्या देशाविषयी विपर्यस्त मजकूर आढळल्यास एका देशाच्या राष्ट्रीय समितीने दुसऱ्या देशाच्या समितीकडे दुरुस्तीची विनंती करावी, असा त्याचा आशय होता. मात्र ही विनंती निर्विवाद वस्तुस्थितीपुरतीच करावयाची होती. नैतिक, राजकीय अथवा धार्मिक स्वरूपाची मते तिच्या कक्षेबाहेर ठेवली होती. ही मर्यादा मुत्सद्द्यांना रुचण्यासारखी असली तरी तिच्यामुळे ठरावातील प्राणच हरपला. राष्ट्राराष्ट्रांतील कटुता काही सनावळीच्या चुकांतून उद्भवत नाही. ती उद्भवते अभिप्रायांतून, आणि नेमके तेच वगळलेले होते. साहजिकच या ठरावाचा उपयोग अगदी थोड्या प्रसंगी झाला. १९३७ साली राष्ट्रसंघाने इतिहासशिक्षणाविषयी एक जाहीरनामाही स्वाक्षरीसाठी खुला केला, पण तोपर्यंत राष्ट्रसंघाच्या शब्दाला वजन उरले नव्हते.

याहून महत्त्वाचा प्रयत्न सरकारांच्या नव्हे, तर शिक्षकांच्या पुढाकाराने झाला. नोव्हेंबर १९३५ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तारूढ होऊन जवळजवळ तीन वर्षे लोटल्यावर, फ्रेंच व जर्मन इतिहासज्ञ पॅरिस येथे भेटले. फ्रेंचांच्या बाजूने प्येर रनुव्हँ आणि झूल इझाक हे त्यात होते. रनुव्हँ यांनी महायुद्धात आपला डावा हात गमावला होता, आणि युद्धाच्या निकटच्या कारणांवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला होता. इझाक यांनीही त्या युद्धात जखमा सोसल्या होत्या. फ्रान्समधील मुलांच्या कित्येक पिढ्या ज्या इतिहास-पुस्तकांवर वाढल्या त्यांचे ते लेखक होत. या बैठकीतून निघालेली कलमे जर्मनीच्या शाळांपर्यंत पोचली नाहीत, हे सांगावयास नकोच. इझाक हे ज्यू होते. १९४० साली त्यांना सरकारी पदावरून दूर करण्यात आले, आणि १९४३ साली त्यांची पत्नी व कन्या यांना पकडून नेण्यात आले. त्या दोघी परत आल्या नाहीत. १९५१ ची बैठक केवळ पूर्वीच्या कामाची पुनरावृत्ती नव्हती, हे या एका घटनेवरून ध्यानात यावे.

१९५१ साली फ्रेंच पक्षाचे प्रमुख पुन्हा रनुव्हँ हेच होते, आणि जर्मन पक्षाचे गेर्हार्ट रिटर. रिटर हे फ्रायबुर्ग येथील प्राध्यापक. हिटलरविरोधी गटाशी संबंध असल्यामुळे १९४४ च्या अखेरीस ते कैदेत पडले होते. तेव्हा त्यांच्या सचोटीबद्दल शंका घेण्याचे कारण फ्रेंचांना नव्हते, आणि त्यांच्या राष्ट्राभिमानाबद्दल जर्मनांनाही नव्हते. या कामाची खरी व्यवस्था मात्र ब्राउनश्वाइग येथील गेओर्ग एकर्ट यांच्याकडे होती. एकर्ट मूळचे मानववंशशास्त्रज्ञ. युद्धकाळात ते ग्रीसमध्ये जर्मन सैन्याच्या हवामान खात्यात होते, आणि तेथेच ग्रीक प्रतिकारकांशी त्यांनी संधान बांधले होते. १९५१ साली त्यांनी क्रमिक पुस्तकांच्या सुधारणेसाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. परराष्ट्र-कचेऱ्यांपेक्षा शिक्षकसंघटनांवर त्यांनी अधिक भिस्त ठेवली, आणि याला व्यावहारिक कारण होते. पश्चिम जर्मनीच्या घटनेनुसार शिक्षण हा घटक-राज्यांचा विषय. इंग्लंडात तर कोणते पुस्तक वापरावे हे सरकार सांगतच नसे. अशा स्थितीत मुत्सद्दी वचन देणार ते कोणाच्या वतीने? प्रयत्न करण्याच्या आश्वासनापलीकडे त्यांना फारसे जाता येत नसे. पुस्तक बदलणे लेखक, शिक्षक आणि प्रकाशक यांच्याच हाती होते.

आता त्या कलमाकडे वळू. १९१४ साली युरोपीय युद्ध व्हावे अशी हेतुपुरस्सर इच्छा कोणत्याही एका सरकारची अथवा जनतेची होती, असे म्हणण्यास उपलब्ध कागदपत्रे आधार देत नाहीत. परस्पर-अविश्वास मात्र पराकोटीस पोचला होता आणि युद्ध अटळ आहे ही भावना सत्ताधारी वर्तुळांत रुजली होती, असा त्याचा आशय आहे. १९३५ च्या मसुद्यातही तो होता. व्हर्सायच्या तहातील २३१ व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली होती. तेव्हापासून जर्मन परराष्ट्रखात्याने एक स्वतंत्र शाखा उघडून आणि १९२२ ते १९२७ या काळात कागदपत्रांचे चाळीस भाग छापून जो प्रतिवाद चालविला, त्याचा शेवट या कलमात झाला असे वरकरणी वाटते. त्याची शब्दरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘कोणी दोषी नव्हते’ असे ते म्हणत नाही. कागदपत्रे तसे म्हणू देत नाहीत, एवढेच म्हणते. हे विधान साधनांविषयीचे आहे. साधने बदलली तर ते बदलणे प्राप्तच होते. परंतु शाळेच्या पुस्तकात उतरताना ‘कागदपत्रे आधार देत नाहीत’ याचे ‘कोणालाच युद्ध नको होते’ असे रूपांतर होण्यास कितीसा वेळ लागणार? तज्ज्ञांनी सावधपणे घातलेली अट वाचकापर्यंत पोचत नाही, हे या प्रकारच्या साऱ्या मसुद्यांचे मर्मस्थान होय.

यानंतर मुत्सद्द्यांनी हे काम आपल्या हाती घेतले. २३ ऑक्टोबर १९५४ रोजी फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांच्यात सांस्कृतिक करार झाला, त्यात क्रमिक पुस्तकांचा उल्लेख आला. त्याच वर्षी १९ डिसेंबरला युरोप परिषदेच्या सभासदांनी पॅरिस येथे युरोपीय सांस्कृतिक करारावर सह्या केल्या. परस्परांच्या भाषा, इतिहास व संस्कृती यांच्या अध्ययनास उत्तेजन देण्याचे बंधन त्याने घातले. १९५३ साली काळ्या अरण्यातील काल्फ येथे सुरू झालेल्या इतिहास-परिषदांची मालिका ऑस्लो, रोम, रोयोमों, स्खेव्हेनिंगेन अशी पुढे सरकत १९५८ साली तुर्कस्तानात संपली. तिची फलश्रुती एदुआर ब्रुले व ई. एच. डान्स यांनी १९६० साली ग्रंथरूपाने मांडली. या ग्रंथाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह आहे, आणि ते योग्यच म्हणावे लागेल. अल्जीरियात युद्ध पेटलेले असताना युरोपच्या समान वारशाची चर्चा चालू होती. युरोपीय राष्ट्रे एकमेकांविषयी काय लिहितात याची जितक्या काळजीने छाननी झाली, तितकी आपल्या वसाहतींविषयी काय लिहितात याची झाली नाही, हे भारतीय वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

१९६१ साली हँबुर्गचे प्राध्यापक फ्रिट्झ फिशर यांचा जर्मनीच्या युद्धहेतूंवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पूर्व जर्मनीतील पोट्सडाम येथील सरकारी दप्तरे त्यांनी पाहिली होती. चान्सलर बेटमान-होलवेग यांच्या सप्टेंबर १९१४ मधील विस्तारयोजनेच्या आधारे त्यांनी जर्मन राज्यकर्त्यांवर युद्धाच्या जबाबदारीचा मोठा वाटा ठेवला. त्यांच्यावर सर्वांत प्रखर टीका रिटर यांनी केली, म्हणजे १९५१ च्या कलमाच्या जर्मन शिल्पकारानेच. १९६४ साली फिशर यांचा अमेरिकेतील व्याख्यानदौरा ठरला असता पश्चिम जर्मनीच्या परराष्ट्रखात्याने त्याचे अर्थसाहाय्य काढून घेतले. त्याआधी रिटर यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले होते. अखेर अमेरिकन विद्वानांनी खर्च उचलला आणि दौरा पार पडला.

या प्रसंगाने १९५१ चे काम व्यर्थ ठरले, असे काहींचे मत आहे. मला ते पटत नाही. वंशपरंपरागत वैराची भाषा पुस्तकांतून नाहीशी होणे हा लाभ लहान नव्हे. दोष मतैक्य साधण्यात नव्हता, ते कायमचे मानण्यात होता. रिटर यांच्या बाबतीत तर तज्ज्ञ व मुत्सद्दी यांच्यातील सीमारेषाच पुसली गेली. जे विधान त्यांनी साधनांच्या आधारे केले होते, त्याच्या रक्षणासाठी त्यांनी मंत्र्यांचे दार ठोठावले. मसुदा टिकविण्यासाठी संशोधनाला आवर घालावा लागत असेल, तर तो मसुदा इतिहासाचा राहत नाही, परराष्ट्रधोरणाचा होतो. वादही त्याबरोबर मिटला नाही. २०१२ साली ख्रिस्तोफर क्लार्क यांनी दोष पुन्हा अनेक राजधान्यांत वाटला.

एकर्ट १९७४ साली वारले. पुढील वर्षी त्यांच्या संस्थेस लोअर सॅक्सनी राज्याने कायद्याने स्थायी रूप दिले व त्यांचे नाव दिले. १९७२ साली स्थापन झालेल्या जर्मन-पोलिश आयोगाने १९७६ मध्ये आपल्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, आणि पश्चिम जर्मनीत त्यांवरून मोठा राजकीय वाद माजला. फ्रान्स व जर्मनी यांचे वरच्या वर्गांसाठी एकच संयुक्त क्रमिक पुस्तक २००६ साली निघाले. त्याचा पहिला प्रकाशित भाग १९४५ नंतरच्या काळाविषयी होता. १९१४ चे प्रकरण २००८ च्या दुसऱ्या भागात आले. त्या पुस्तकात प्रकरणांच्या अखेरीस फ्रेंच व जर्मन दृष्टी कोठे भिन्न आहेत हे शेजारी-शेजारी छापलेले असते, आणि तेथे एक वाक्य ठरविण्याचा प्रयत्न संपादकांनी केलेला नाही.